उतू न जाणारं दूध

गॅसचा नंबर लागल्याचं कार्ड आलं, तेव्हा आईला जाऊन दोन महिने झाले होते. स्टोव्हचा भडका उडून तिच्या पदराने पेट घेतला होता.

बाबांनी ते कार्ड देवाच्या फोटोमागे ठेवून दिलं. सीताबर्डीवरच्या दुकानात त्यांनी एवढंच विचारलं, "जिले जाळ नसते अशी कोणती आहे?" आणि विजेची शेगडी घरी आणली.

नव्या शेगडीवर आधी दूध उतू जाऊ द्यायचं असतं. सकाळी बाबांनी पातेलं चढवलं. मी दारात उभी होते.

दूध वर आलं. काठाशी पोचताच सायीच्या मधोमध खळगा पडला आणि ते खाली बसलं. असं तीनदा झालं.

आई अशीच फुंकर मारायची. थेंबभर दूध वाया जाऊ द्यायची नाही.

"शामले, फुंकू नको वं," बाबा मागे न पाहता म्हणाले. "आज उतू जाऊ द्या लागते."

"बाबा, मी तर इकडे दारात आहो."

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. आईला त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती.

"सुभद्रा," ते हळूच म्हणाले, "तुले गॅसच पाह्यजे होता, मले मालूम आहे. पण आज जाऊ दे."

दूध पुन्हा वर आलं. काठाच्याही वर आलं आणि तिथेच थांबलं.

बाबांनी बटण बंद केलं. शेगडीची लाल तार काळी पडली.

पातेलं हाताला गार लागू लागलं, तरी दूध खाली बसलं नव्हतं.