भाऊसाहेबांचे ठिपके

भाऊसाहेबांच्या अंगावर सत्तावीस ठिपके होते. ओला रवा चिकटावा तसे.

“पुढच्या गुरुवारपर्यंत जातीन ना हे?” नारायणरावांनी विचारलं.

भाऊसाहेब म्हणजे काचेच्या टाकीतला, कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न मासा. पिंपळगाव राजातल्या या घराचं सगळं नशीब त्या टेंगळात होतं. ज्या दिवशी भाऊसाहेब दाणा खात नसत, त्या दिवशी नारायणराव सोयाबीन विकायला काढत नसत.

कुलदीपचं खामगावात शोभेच्या माशांचं दुकान. तो आजारी मासा बघायला आला आणि नारायणरावांनी त्यालाच बघून ठेवला, लेकीसाठी, समीक्षासाठी. कुलदीपच्या आईनं, सिंधूताईंनी, फोनवरच होकार देऊन बँडवाला ठरवला. मला लग्न करायचं नाही, असं कुलदीपनं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा आईनं “सगळेच असं म्हणतात” म्हणत ताटात पोळी वाढली.

सुटकेची एकच फट होती. ती नारायणरावांनीच ठेवली.

“गुरुवारी भाऊसाहेब ठणठणीत असले तं सुपारी फोडू. एक जरी ठिपका दिसला तं अपशकुन. मंग सोयरीक नाही.”

कुलदीपनं रीतसर समजावलं. हा किडा असतो. थंडीत माशाच्या कातडीत तळ ठोकून बसतो. पाणी गरम ठेवलं की लवकर सुटतो आणि मिठात मरतो. त्यानं मीठ टाकलं, हीटर लावला. निघताना टाकीमागे हात घालून वायरीवरचं बटण हळूच दाबलं. टक्. हीटरचा लाल दिवा कधीचाच गेलेला, कुणाला कळायचं कारण नव्हतं. मासा मरायला नको होता. नुसता बरा व्हायला नको होता.

दुसऱ्या दिवशी पाणी बदलायला आला, तर पाणी छान गरम.

त्यानं निघताना पुन्हा बटण दाबलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गरम. मग रोजचंच झालं. ठिपके वीस झाले, अकरा झाले, चार झाले.

“काका, हीटरले हात लावून राह्यलं का कोणी?”

“छ्या! डाक्टरच्या कामात आपण बोट घालत नाही.”

“घ्या न अजून पोहे, जावईबापू,” सरस्वतीबाई म्हणाल्या. परवापर्यंत त्या ‘कुलदीपभाऊ’ म्हणत होत्या.

गुरुवारी भाऊसाहेब घासलेल्या पितळी तांब्यासारखे चमकत होते. चाळीस पाहुण्यांनी रांगेनं दर्शन घेतलं. सुपारी फुटली. सिंधूताईंनी पेढा कुलदीपच्या तोंडात कोंबला, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही.

मग दोघांना बोलायला म्हणून टाकीजवळ पाच मिनिटं सोडलं. समीक्षानं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. डोळे रडून लाल झाले होते.

“मले पोलीस भरती द्याची होती,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “तुमची पाठ फिरली का मी रोज आठवणीनं ते मागचं बटन दाबून हीटर बंद करत होती. तरी काऊन बरा केला हो त्याले?”