एकेक शिंग

"यंदा सगळं निवांत," वेसेल निखाऱ्यावरचं सॉसेज उलटत मेव्हण्याला म्हणाला. "सकाळी नदीत गळ टाकायचा, दुपारी ताणून द्यायची, आणि संध्याकाळी मन झालं तरच शिकार."

"आणि भांडण?" हेरमानने विचारलं.

"ते घरीच ठेवायचं!"

दोघं खो खो हसले. दोघांच्याही घरी भिंतीवर मागच्या शिकारीतल्या कुडू हरणाचं एकेकच शिंग टांगलेलं होतं. इथे लिंपोपोच्या रानात शिकाऱ्यांचा नियमच, ज्याची गोळी आधी लागते, शिंगं त्याची. तेव्हा दोघांच्या बंदुका एकदमच उडाल्या होत्या, आणि पुढे दोन हिवाळे अबोला. म्हणून निघताना वेसेलने गोळ्या गुपचूप कपाटातच ठेवल्या. शिंगं गेली खड्ड्यात, मेव्हणा हवा!

पहिल्याच संध्याकाळी, पोटभर मासे हाणून दोघं पाणवठ्याकाठी बसले होते, तर पिळदार शिंगांचा भलामोठा कुडू समोरच येऊन उभा राहिला.

"मार, हेरमान," वेसेल कुजबुजला.

"छे छे, दाजी, मान तुमचा."

"अरे, मार म्हणतो ना!"

"आधी तुम्ही!"

शेवटी संशय नको म्हणून वेसेलने नेम धरून चाप ओढला. टक्. शेजारूनही आवाज आला. टक्.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि असे गडाबडा लोळून हसले, की कुडू धूम पळाला.

डोळे पुसत हेरमान म्हणाला, "पण दाजी, टक् आधी माझं झालं हं."

वेसेल ताडकन उठून बसला. "कुणाचं?"