शेवटचा डबा

सुमनताई गाडीतच उष्माघाताने गेल्या, त्या दिवशी वासुदेवरावांना कळलं की एसीचा गॅस गळतोय. चंद्रपुरात आता दुपारी अठ्ठावन्न अंश तापायचं आणि नवा गॅस जेमतेम तासभर टिकायचा. गॅसचा उरलेला एकच डबा त्यांनी बायकोच्या अस्थी नदीवर न्यायला राखला होता. नवव्या दिवशी भर दुपारी मुलीला, मंदाला, कळा सुरू झाल्या.

त्यांनी इंजिन चालू करून डब्याची नळी जोडली. त्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नसे; दर उन्हाळ्यात गॅस भरताना नळीवरच्या मापकाचा काटा सुमनताईच बघायच्या.

“हिरव्यात आला का गं?”

“नाही जी... आला! बंद करा, बाबा! जास्त भरलं की आई कशी ओरडायची!” बॉनेटला धरून मंदा कण्हली.

दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत हवा पुन्हा गरम झाली होती.

मंदाला मुलगी झाली. अस्थी नदीत सोडायच्या राहिल्या आहेत.