खोटे चाळीस

संगणक विभागातल्या स्रवंतीने चाचणीच्या सर्व्हरवरून खऱ्या सर्व्हरवर हलवलेलं पॅकेज, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, कधी अडलं, असं हैदराबादच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात कुणाला आठवत नव्हतं. चाचणीच्या सर्व्हरवर तिने स्वतः रचलेले चाळीस खोटे पेशंट होते. नावं मनची, मोबाइल नंबर दहा शून्यांचे. आज पेशंटना तपासणीला बोलावणारं पॅकेज तिने खऱ्या सर्व्हरवर चढवलं, पण आतला चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता बदलायचा राहिला.

"अक्का, बोलावणं तुमच्या खोट्या पेशंटना गेलं की!" शेजारचा यादगिरी खिदळला.

"जाऊ दे रे. दहा शून्यांवर मेसेज कुठे पोचतोय?"

तिने मिनिटात पत्ता सुधारला, निवांत चहा घेतला आणि ते चाळीस पुसायला बसली. एकगठ्ठा पुसणं तिला पटत नसे. एकेक नाव वाचून ती बटण दाबायची.

एकतिसावं नाव पुसलं, तोच खालून स्वागतकक्षातल्या मणेम्माचा फोन आला.

"अक्का, मघाशी चाळीस जण एकदम आले. मेसेज आला म्हणाले, म्हणून बाकांवर बसवले. आता नऊच उरलेत. आणि दारातून तर एकही बाहेर गेला नाही हो!"

स्रवंती दचकली. बोट बटणावर पडलं.

"आठ," मणेम्मा म्हणाली.