पलीकडची सुई

रेवसच्या घरी हिरामण आणि त्याची बायको जनी पिस्तूल ठेवायची कातडी होल्स्टरं हातानं शिवत. एकाच दोऱ्याच्या टोकांना दोन सुया. समोरासमोर बसून हा अलीकडून घालायचा, ती पलीकडून ओढायची. तिनं आवळलेला टाका कधी उसवला नाही.

तिच्या तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर हिरामणनं अर्धवट राहिलेलं होल्स्टर पुढ्यात घेतलं. सवयीनं सुई घातली आणि हात थांबला. पलीकडं ओढायला आता कोण हाय?

दोरा कचकन आवळला. पलीकडून दुसरी सुई आली.

तो रडत रडत शिवत राहिला. शेवटचं भोक उरलं, तसा त्यानं हात आखडला.

"नको जने. ह्यो टाका घातला का तू जाशील."

पलीकडून दोरा ओढला जाऊ लागला. हिरामणनं तो आपल्या मनगटाला गुंडाळून घेतला.