थ्रॅपलवुड साहेबाचा निवद

बंगळुरातल्या के. आर. पुरमच्या एका चिंचेखाली थ्रॅपलवुड साहेबाची कबर होती. दर अवसेला तुळजाक्का तिथे ब्रँडी, चिरूट आणि कोंबडा द्यायची. घरातली थोरली माणसं सांगायची, "मरताना साहेबानं स्वतःच्या रक्ताचं माणूस मागितलं होतं. ते येईतोवर कोंबड्यावर भागवायचं."

चौऱ्याण्णव सालच्या एका अवसेला विलायतेहून एक तरुण आपल्या आडनावाचा माग काढत तिथवर आला. कबरीवरचं नाव वाचून तो हरखलाच. त्याचं इंग्रजी सून दिव्यश्रीनं सासूला समजावून सांगितलं, "अत्ते, कुठल्याशा बुडालेल्या गावावरून पडलं म्हणे हे आडनाव. आता जगात हा एकटाच थ्रॅपलवुड उरलाय."

"सरी, बरं," तुळजाक्का म्हणाली.



आणि खाली वाकून तिनं कोंबड्याच्या पायांची दोरी सोडली.