जुना सेन्सर

“सेल्फ मारा, पापा!” एबो गाडीखालून ओरडला.

सेल्फ घरघरला, फिरत राहिला. इंजिन काही पेट घेईना.

“पुन्हा!”

पुन्हा तेच. खिडकीतून वडिलांचा, क्वामेना आकोन यांचा, हात बाहेर आला आणि दारावर थाप बसली. “सकाळपासून नुसतं पुन्हा, पुन्हा! उद्या तार्क्वाला माझ्या भावाची माती आहे. तू मेकॅनिक आहेस की पाद्री? प्रार्थनेनं चालू करतोयस का गाडी?”

गाडी चालू होणार नाही, हे एबोला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला, गाडी मधूनच बंद पडायला लागली. मग आकोननीच मुलाला क्रँकचा सेन्सर बदलायला घरी बोलावलं. एबोने सेन्सर आणला खरा, पण भंगारातून, मेलेला, मुद्दाम निवडून, आणि तोच बसवला. भंगारवाला पोट धरून हसला होता. “लोक जिवंत आहे ना म्हणून दहादा विचारतात, आणि तू मढं मागतोस?”

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. महिन्यापूर्वी सेकोंडी बाजाराच्या वळणावर एक मुलगी डोक्यावर घमेलं घेऊन रस्ता ओलांडत होती. आकोनना ती दिसलीच नाही. एबोने शेजारून स्टिअरिंग ओढलं म्हणून ती वाचली. “ऊन डोळ्यांवर आलं,” आकोन म्हणाले. आभाळ तर भरून आलेलं होतं. त्यानंतर दोघांनीही त्यावर अवाक्षर काढलं नाही. चाळीस वर्षं लाकडाचे ट्रक हाकलेल्या माणसाला, तुम्हाला दिसत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि आकोन हयात असेपर्यंत त्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा तर घरचा कायदा होता.

त्यात आज मागच्या सीटवर बहिणीची जुळी बसणार होती. पान्यिन आणि काकरा काळे कपडे घालून पायरीवर मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी खात होती आणि तळलेल्या मासळीच्या शेपटीवरून भांडत होती.

एबोची आई मामे अबा काळं-तांबडं कापड नेसून बाहेर आली. “अजून नाही? तिकडे सगळा गोतावळा जमणार. ड्रायव्हरची बायको ट्रोट्रोत कोंबून आली, असं म्हणतील.”

“मा, एक दिवस सगळ्यांसारखं मिनीबसने गेलात तर काय बिघडतं?”

“तुझ्या सासूला पाठव ट्रोट्रोने.” तिची नजर फडक्यावर ठेवलेल्या जुन्या सेन्सरवर गेली. “हा काढलास ना? कालपर्यंत याच्यावरच गाडी चालत होती ना?”

“चालत होती, पण मध्येच...”

“मध्येच बंद पडली तर उतरून ढकलू. चढव.”

जुना सेन्सर ठणठणीत होता. वायरचा जोड तेवढा सैल होता, तो त्याने सकाळीच घट्ट केला होता. हा बसवला की पहिल्या फटक्यात गाडी चालू.

“मा, त्यात काही दम राहिला नाही.”

“तुझ्या या पापांच्या अंगात तरी कुठे राहिलाय? तरी चालतातच ना?”

एबोने आशेने वडिलांकडे पाहिलं. आकोन क्षणभर समोरच्या काचेतून बघत राहिले. मग म्हणाले, “आई सांगते तसं कर.” आणि खाली वाकले. “चप्पल कुठे गेली मेली,” असं पुटपुटत ते स्टिअरिंगखाली बराच वेळ चाचपडत होते. पायातली चप्पल सापडायलाही यांना इतका वेळ लागतो, हे पाहून एबोला भडभडून आलं.

तो पुन्हा गाडीखाली सरकला. जोड अर्धवट ठेवायचा त्याचा विचार होता, पण मामे अबा टॉर्च घेऊन शेजारी उकिडवी बसली. “तो नीट बसला नाही. खट् वाजू दे.”

खट् वाजलं.

एबो बाहेर आला. आता बोललंच पाहिजे. “पापा, मला एक सांगायचंय.”

“आधी गाडी, मग गोष्टी.” आकोननी किल्ली फिरवली.

इंजिन खोकलं. मग त्याने पेट घेतला, अख्खी गाडी थरारली, जुळ्यांनी टाळ्या पिटल्या. एबोने डोळे मिटले. त्याला ती घमेलंवाली मुलगी दिसली.

आणि इंधन संपल्यासारखं आचके देत इंजिन बंद पडलं.

आकोननी पुन्हा किल्ली फिरवली. नुसता सेल्फ. पुन्हा. नुसता सेल्फ.

“गाडीनंही मान टाकली,” मामे अबा म्हणाली आणि तिने टॉर्च बंद केला.

आकोन खाली उतरले, दार धाडकन आपटलं. “शिकवलं, हत्यारं घेऊन दिली, त्याचं हे फळ! चला, उचला पिशव्या.”

असं कसं झालं, हे एबोला उमगेना, पण खोलात शिरायची त्याला हौस नव्हती. देव पावला, एवढं पुरे होतं. त्याने मुकाट्याने पिशव्या फाटकापर्यंत नेल्या. मामे अबा जुळ्यांना घेऊन बडबडत ट्रोट्रोच्या अड्ड्याकडे निघाली.

आकोन मागे थांबले. ती वळणाआड जाईपर्यंत थांबले.

“सोमवारी सकाळी आम्हाला न्यायला ये.”

“कशात, पापा?”

आकोननी निरोपाचा हात पुढे केला. एबोने तो हातात घेतला, पण हात सोडताना नेहमी वाजते ती दोघांच्या बोटांची चुटकी वाजलीच नाही. आकोननी मुलाची मूठ आपल्या हातांनी मिटवली, दाबली आणि भिंतीच्या कडेकडेने चालू लागले.

एबोने मूठ उघडली. आत इंधनपंपाचा फ्यूज होता, स्टिअरिंगखालच्या डबीतला.